भरती सव्वादोनला

नामीआत्या, तू गेलीस त्या दिवशीची तिथी मी दोनदा वाचली. कृष्ण सप्तमी. खालच्या बारीक अक्षरांत ती किती वाजेपर्यंत आहे तेही वाचलं, चष्मा पुसून परत एकदा वाचलं, आणि मगच नाक्यावरच्या फळ्यावर खडूने तुझं नाव लिहिलं. तुझी वनिता शेजारी उभी होती. तिने विचारलं, दादा, तारीख पुरे की, तिथी कशाला? मी म्हटलं, बाई, तुझ्या आईने उभ्या जन्मात तारखेकडे कधी पाहिलं होतं का? सप्तमीला भरती सव्वापाचला. तू श्वास सोडलास तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. पाणी फिरेपर्यंत थांबलीस.

बारीक अक्षरांचं मी एवढं का लावून धरलंय, ते तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे, हे मला मात्र आत्ता आत्ता कळलंय. पण ते शेवटी सांगतो. तूच म्हणायचीस ना, "भोंग्या, सगला एकदम नको वकू."

आपल्याकडे एक पगारी फुटबॉल क्लब होता, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. मग माझ्याकडे पाहतो आणि जास्तच हसतो. धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरांच्या गावात, जिथे चिखल आणि चिंबोऱ्या सोडून दुसरं काही फुकट मिळत नाही, तिथे करारावर सह्या केलेले खेळाडू होते, त्यांचा डॉक्टर होता, पाठीवर नाव छापलेले निळे शर्ट होते. कागदोपत्री नाव दर्याराज फुटबॉल क्लब. गावाने मात्र त्याला पहिल्या आठवड्यातच 'पगारी' करून टाकलं. क्रिकेटच्या, कबड्डीच्या टीमा पुष्कळ होत्या, पण पळण्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं गावाने पहिल्यांदाच पाहिली होती. बाया विहिरीवर विचारायच्या, "आज पगारी हाय का गो?" दोन हंगाम हे चाललं. मी माइकवर होतो. अजूनही कधी कधी मलाच शंका येते, की हे झालं होतं ना?

झालं होतं. दामूशेठ एकदा गोव्याला गेला आणि मॅच बघून आला, तिथपासून झालं. आपल्याच आळीतला दामू, बंदरावर ट्रेलर चालवता चालवता ट्रेलरांचा मालक झालेला. परतल्यावर तिसऱ्या दिवशी पारावर येऊन म्हणाला, समुद्र एकच, मासे तेच, मग गोव्याला जमतं ते आपल्याला का नाही? आणि लीगमध्ये नाव नोंदवून आला. लीगवाल्यांची अट एकच होती, मैदान सपाट आणि हिरवं पाहिजे. सपाट म्हणावी अशी जागा गावात एकच होती, ती म्हणजे तुझं पडीक मिठागर. तू ते दिलंस आणि तुझी अट घातलीस. मैदान तू करणार. इंजिनिअर येऊन बघू शकतो, हात लावायचा नाही.

आत्या, त्या पावसाळ्यात तू जे केलंस ते मी बांधावर बसून पाहिलं आहे. मी बोलण्याचा माणूस, तरी त्या दिवसांत माझं तोंड उघडं राहिलं ते बोलण्यासाठी नाही. पहिला पाऊस तू आत कोंडून ठेवलास, जमिनीचं मीठ त्याला पिऊ दिलंस, आणि ओहोटीला उघाडी उघडून ते पाणी खाडीत सोडून दिलंस. उघाडी म्हणजे बांधातलं दार, तीन फळ्यांचं. ओहोटीला काढायच्या, भरतीआधी हाताने बसवायच्या आणि फटींना चिखल लिंपायचा. असं किती वेळा केलंस कोण जाणे. रोज बोट बुडवून चाटायचीस आणि थुंकायचीस. ज्या दिवशी थुंकली नाहीस, त्या दिवशी सपाटीला हात घातलास.

पेरभर पाणी भरलंस आणि त्यातून अनवाणी चालत निघालीस. घोटा जिथे जास्त भिजेल तिथे एक घमेलं माती. मागून आळीतल्या बाया ओळीने, एकमेकींच्या कमरेला हात घालून, पायाने तो चिखल चोपत यायच्या, मिठागराची जमीन चोपतात तशा. इंजिनिअर तिपायी लावून एक डोळा मिटून दिवसभर बघत राहिला. संध्याकाळी त्याने यंत्र पेटीत घातलं आणि तुला वाकून नमस्कार केला. तू घाबरलीस. तुला वाटलं त्याचं काहीतरी पडलं. मग त्याने विचारलं, की खाडीकडच्या कोपऱ्याला जरासा उतार लागतोय, तो मुद्दाम ठेवलाय का? तू म्हणालीस, "बॉलला कलायचा न्हाय, पान्याला कलंल."

हे वाक्य मी पुढे शंभर लग्नांत वापरलं. तुला विचारलं कधीच नाही.

मग गवत. लीगच्या माणसाने विलायती बियाणं पाठवलं, ते खारट मातीत करपून काळं पडलं. तू बांधावरची हरळी उपटून आणलीस आणि वीत वीत अंतरावर खोचलीस. दोन महिन्यांत मैदान हिरवं. तीच हरळी गणपतीची दूर्वा, त्यामुळे आपल्या मैदानाला एक रिवाज पडला, जो मला वाटतं जगातल्या कुठल्याच व्यावसायिक क्लबात नसेल. दर संकष्टीला सकाळी गावच्या बाया येऊन पेनल्टी क्षेत्रात दूर्वा खुडत बसायच्या. तिथली दूर्वा कोवळी, कारण आमचा गोलकीपर तिथे कुणाला येऊच द्यायचा नाही.

त्याचं नाव क्वामे, घाना देशाचा. ताडमाड उंच, आवाज बारीक. पहिल्या दिवशी मिठाच्या राशी बघून तो गाडीतून उतरला आणि एक खडा उचलून तोंडात टाकला. त्याच्या आजीच्या गावीही मीठ पिकवतात म्हणे. तू त्याला जेवायला नेलंस, निवट्यांचं कालवण घातलंस. चिखलात उड्या मारणारा तो बोटाएवढा मासा बघून भले भले शहरी पाहुणे ताटावरून उठतात. क्वामेने तीन वेळा भात घेतला. त्यानंतर तो तुला 'आत्या' म्हणायला लागला आणि तू त्याला 'कामे'. त्याला पहिला मराठी शब्द तू शिकवलास, 'न्हाय', आणि तो गोलपोस्टमध्ये उभा राहून समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवायचा.

आपलं भांडण एकच होतं. ऑफसाइड. मी तुला ते काडेपेट्यांनी समजावलं, चिंचोक्यांनी समजावलं, जिवंत चिंबोऱ्या मांडूनही समजावलं. तुझं म्हणणं ठाम. "शर्यतीत होरी पुढं गेली त कोन शिटी मारतं का? पुढं जायाचा त्यालाच त बोलतान पराक्रम." आपला गोल ऑफसाइड दिला की तू बांधावरून रेफ्रीच्या सात पिढ्यांना हाक मारायचीस. तोच नियम समोरच्यांना लागला की मात्र गप्प बसून पान लावायचीस.

आणि आपलं काम एकच होतं, दोघांनी मिळून करायचं. मॅचच्या दिवशी सकाळी तू बांधावरून ओरडायचीस, "तिथ कंची?" मी माइकच्या केबिनमधलं कॅलेंडर बघून भोंग्यावर तिथी सांगायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. हा हिशेब खाडीवरचं प्रत्येक पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. भरतीआधी एक तास उघाडी बंद. तुला माझ्या सांगण्याची गरज नसायची, तू चंद्र बघूनच आलेली असायचीस. पण भोंग्यावर तिथी घुमली की मग तू फळ्यांना हात लावायचीस, पुजाऱ्याने शंखाची वाट बघावी तशी. बाकी गावात भोंग्यावरचं कोणी ऐकत नाही, असं माझं ठाम मत होतं. मी सूचना द्यायचो, लोक वडे खायचे.

आता ती मॅच.

दुसऱ्या हंगामातली घरच्या मैदानावरची शेवटची. जिंकलो की वरच्या लीगमध्ये. मी तीन दिवस आधीपासून गरम पाण्याच्या गुळण्या करत होतो. तू पंधरा दिवस गावात नव्हतीस, कळंबोलीला वनिताच्या बाळंतपणाला गेली होतीस. चौथा मजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी. चंद्रच दिसला नाही, असं तू नंतर सांगितलंस. त्या सकाळी रिक्षातून उतरलीस ती पिशवीसकट थेट बांधावर. तुझ्या माघारी मैदानाला कुणीतरी प्रेमाने पाणी पाजून पाजून त्याचा लगदा केला होता. तू कपाळाला हात लावलास, उघाडीच्या फळ्या काढल्यास आणि ओरडलीस, "भोंग्या, तिथ कंची?"

बाया सकाळपासून पेनल्टी क्षेत्रात दूर्वा खुडत होत्या. कॅलेंडरच्या चौकटीत लाल गणपती छापलेला होता. मी भोंग्यात तोंड घातलं आणि त्या दिवसाला शोभेल अशा आवाजात सांगितलं, "आज संकष्टी! चतुर्थी! भरती बरोबर तीनला!" तू मान डोलावलीस. तीनची भरती म्हणजे दोनपर्यंत उघाडी उघडी ठेवता येईल. मैदान जेवढं निथळेल तेवढं बरं. मॅच एकला सुरू होणार होती.

सुरू झाली. आपण एक गोल मारला. त्या गोलाचं वर्णन मी इथे करत नाही, कारण ते करायला मला उभं राहावं लागतं.

दीडच्या सुमाराला खाडीकडच्या कोपऱ्यात, झेंड्याखाली काहीतरी चमकलं. मी भोंग्यावर म्हणालो, सूर्यनारायणसुद्धा मॅच बघायला मैदानात उतरलेत. टाळ्या पडल्या. मग सूर्यनारायण पसरायला लागले. उजव्या बाजूने पळणारा आपला खेळाडू छपछप आवाज करू लागला, आणि क्वामेच्या पायाशी, गोलरेषेवर, एक निवटी उडी मारून बसली. आत्या, मी जन्मभर बोलत आलोय, पण त्या क्षणी काय बोलावं हे मला सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, "निवटी."

तू केव्हाच धावली होतीस. पाणी आत घुसत असताना फळी खाचेत बसत नाही, ती पाण्यावर उभी नाचते. तू उघाडीत उतरलीस, छातीपर्यंत पाणी, फळी खाचेसमोर धरलीस आणि तिला पाठ लावून उभी राहिलीस. साठी उलटलेली बाई, अंगावर प्रवासाचं पातळ, आणि मागून अख्खी खाडी रेटतेय. लोक बघत राहिले. मीही बघत राहिलो. हललं फक्त एक माणूस. क्वामेने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग बॉलकडे, तो अजून लांब होता, आणि चालू मॅचमध्ये गोल सोडून तो बांधाकडे पळत सुटला. हातमोज्यांसकट खाली उडी मारून तुझ्याशेजारी फळीला खांदा लावला. फळी खाचेत बसली. त्याच वेळी समोरच्यांच्या एका पोराने रिकाम्या गोलात बॉल ढकलला. बिचाऱ्याने आनंदसुद्धा केला नाही.

मग रेफ्रीने खेळ थांबवला. तो परत सुरू झाला नाही. क्वामेने तुला वर ओढलं. तुझ्या केसात शेवाळ होतं. सगळं मैदान तुझ्या तोंडाकडे बघत होतं आणि तू मला विचारलंस, "तो ऑफसाइड व्हता ना?"

नव्हता, आत्या. गोलकीपर नसला तरी आपले दोन बॅक गोलरेषेवर उभे होते, तुझ्याकडे बघत. पण तो वाद पुढे.

लोक गेल्यावर मी केबिनमध्ये एकटा होतो. चष्मा लावला आणि कॅलेंडरच्या चौकटीला नाक टेकवून वाचलं. तृतीया, सायं. ५.४० पर्यंत. संकष्टी चंद्रोदयावर ठरते. रात्री चंद्र उगवताना चतुर्थी असली की गणपती त्या चौकटीत बसतो, दिवसभर तृतीया असली तरी. हे मला ठाऊक होतं. माझ्या आईने जन्मभर संकष्टी धरली, मला कसं ठाऊक नसेल? पण मी गणपती पाहिला आणि अक्षरं वाचली नाहीत. तृतीयेला भरती सव्वादोनला. उघाडी सव्वाला बंद व्हायला हवी होती. मी तुझी पाऊण तासाने दिशाभूल केली होती.

ते कॅलेंडर मी शर्टाखाली घालून घरी नेलं आणि माळ्यावर टाकलं.

पुढच्या आठवड्यात लीगची दोन माणसं चौकशीला आली. क्लबच्या ऑफिसात पंखा फिरत होता. दामूशेठ होता, मी होतो, तू दाराशी उकिडवी बसली होतीस. त्यांनी विचारलं, दार वेळेवर बंद का झालं नाही? मी श्वास घेतला. देवाची शपथ, घेतला होता. तेवढ्यात तू म्हणालीस, "माजा डोला लागला."

खाडी जागी असताना तू कधी झोपली नाहीस, हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं. त्या माणसांनी लिहून घेतलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी घेतलेला श्वास हळूच सोडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मॅच समोरच्यांना दिली गेली. मैदान अयोग्य ठरलं. हंगाम संपला आणि दामूशेठने क्लब बंद केला. क्वामे जाताना तुझ्या ओटीवर बसून रडला, आणि तू त्याला सुकटीची पुडी बांधून दिलीस, विमानात चालत नाही हे दहा जणांनी सांगूनही. मग पोरं परत क्रिकेट खेळायला लागली. शेजारच्या गावचे टवाळ तुला वाटेत विचारायचे, "काय म्हातारे, झोप झाली का?" तू म्हणायचीस, "झाली रं बाबा, तुज्या बापाला इचार." आणि माझी ख्याती वाढत गेली. लग्नात, हळदीत, सत्यनारायणाला लोक म्हणायचे, पगारीची गोष्ट सांग. मी सांगायचो. मैदान, दूर्वा, निवटी, पाण्यात उभी राहिलेली तू. सगळं खरं सांगायचो, फक्त सकाळची तिथी तेवढी वगळायचो. एखाद्या कार्याच्या जेवणात तू समोर बसलेली असायचीस. त्या जागी आलो की माझी जीभ जराशी अडखळायची, आणि तू नेमकी तेव्हाच खाली वाकून पानातला भात कालवायचीस.

गेल्या महिन्यात मी ठरवूनच आलो होतो. तू ओटीवर सुकट निवडत होतीस. मी म्हटलं, आत्या, त्या दिवशीचं एक सांगायचंय. तू मान वर न करता म्हणालीस, "तो ऑफसाइड व्हता. आता परत चिंचोके नको मांडू." मी मांडले. तासभर भांडलो. जाताना मला वाटलं, पुढच्या खेपेला सांगू. अशा किती खेपा झाल्या ते आता मोजतोय, तर लक्षात येतंय की दर खेपेला ऑफसाइड तूच काढायचीस.

तुझं बारावं झालं त्या दिवसाचं आता ऐक. तुझ्या अंगणात ताडपत्रीचा मांडव होता. सकाळपासून पाऊस पडून नुकताच थांबलेला. आळी होतीच, शिवाय चौलपासून पेणपर्यंतचे तुझे माहेरचे, सासरचे, आणि कोणाचेच नसलेले सगळे आले होते. क्वामेने वनिताच्या मोबाइलवर आवाज पाठवला होता. तो काय बोलला ते अर्धंच कळलं, पण मधे एकदा तो 'न्हाय' म्हणाला, तेवढं सगळ्यांना कळलं. पानं मांडली जात होती. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि म्हणालं, आत्याबद्दल दोन शब्द.

मी दोन शब्दांचा माणूस नाही. सुरुवात केली ती पावसाळ्यापासून, मीठ पिणाऱ्या पाण्यापासून. मॅचच्या सकाळपर्यंत आलो आणि थांबलो. मग एका दमात सांगून टाकलं. त्या दिवशी तृतीया होती. मी चतुर्थी सांगितली. आत्याचा डोळा लागला नव्हता. माझा लागला होता, उघड्या डोळ्यांनी. क्लब मी बुडवला आणि तिने तो आपल्या डोक्यावर घेतला, आणि मी इतकी वर्षं गप्प राहिलो.

ताडपत्रीतलं साठलेलं पाणी एका कोपऱ्यातून ओघळत होतं. मला वाटलं, आता कुणीतरी उठून मला मारणार, आणि मारलं तर बरंच होईल. तेवढ्यात मागच्या ओळीतून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ह्यो आता सांगतंय व्हय?"

आणि मांडव हसला, आत्या. बाराव्याच्या मांडवात, तुझ्या फोटोसमोर, पोटं धरून हसली माणसं. वनिता तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती. मला काही कळेना. दामूशेठ उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, तू भोंग्यावर सांगितलं होतंस."

खरंच की. भोंग्यावर. अख्ख्या गावाने ऐकलं होतं. जिच्या हातात त्या वेळी दूर्वा होत्या तिनेही ऐकलं होतं, वडे तळणाऱ्यानेही. संध्याकाळी प्रत्येकाने घरी जाऊन आपापल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात नाक घातलं होतं. ते एक कॅलेंडर मी माळ्यावर लपवलं, बाकी गावभर टांगलेलंच होतं. आणि मी काय समजत होतो, तर माझं गुपित शाबूत आहे.

दामूशेठ म्हणाला, त्या संध्याकाळी तू ओल्या केसांनी घरोघर फिरलीस. त्याच्याही दारात आलीस. काय म्हणालीस, ते त्याने तुझ्याच बोलीत सांगितलं. "त्याला कोनी बोलू नका. क्लब काय आज हाय, उंद्या न्हाय. पन ह्यो गप झाला त क्लब व्हता ह्येच कोन मानायचा न्हाय." दामूशेठ असंही म्हणाला, की क्लब तसाही चालणार नव्हता, तो हंगामभर मनात बंद करत होता, माझ्या तिथीने फक्त त्याला दार दाखवलं. ते कदाचित माझ्या समाधानासाठी असेल. मी ते ठेवून घेतलं.

आपलं गाव तुला माहीत आहे. इथे कुणाकडे कोंबडी कापली तर खाडीपलीकडे कळतं. हळदीला नवऱ्यामुलाचं वजनसुद्धा भोंग्यावर सांगतात. आणि हे गाव, म्हातारीपासून शाळकरी पोरांपर्यंत, इतकी वर्षं तोंड मिटून माझी गोष्ट ऐकत राहिलं, अर्ध्यावर गाळलेली तिथी कळूनही टाळ्या देत राहिलं, कारण एका भिजलेल्या बाईने दारात उभं राहून तसं सांगितलं होतं. आपल्या गावात बोलतो तो मीच, असं मला वाटायचं. मला समोर मैदान दिसलं, बॉलला न कळणारा आणि पाण्याला कळणारा तो उतार दिसला. गावसुद्धा तू तसंच चोपून बसवलं होतंस, आणि चालताना मला कधी कळलंच नाही.

माझ्या हातात माइक होता आणि समोर एवढी माणसं. मी पुढचं वाक्य सुरू केलं, "तर बंधूंनो, नामीआत्या म्हणजे..." आणि नजर मांडवाच्या खांबाला टांगलेल्या घड्याळाकडे गेली. एक वाजून दहा मिनिटं. कृष्ण सप्तमीपासून बारावा दिवस, आत्या. शुक्ल तृतीया. सकाळी निघण्याआधी मी वाचली होती, बारीक अक्षरांसकट. रात्रीपर्यंत तृतीयाच. भरती सव्वादोनला. अकरा दिवस उघाडी वनिता सांभाळत होती, पावसाचं पाणी सोडायला तिने सकाळी ओहोटीला फळ्या काढल्या होत्या, आणि आता तिच्या हातात वाढण्याची पातेली होती.

मी वाक्य अर्ध्यावर सोडलं, माइक खुर्चीत ठेवला आणि पळालो. या देहाने, आत्या, धोतर नेसून, चिखलातून. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, तब्येत बिघडली काय ह्याची?

पाणी उंबऱ्याला लागतच होतं. पहिली फळी बसली. दुसरी बसली. तिसरी जरा फुगलेली होती, तिला खांदा द्यावा लागला. फटींना चिखल लिंपला, तुझ्यासारखा अंगठ्याने दाबत. मग फळ्यांना पाठ लावून बसलो. गरज नव्हती, तरी बसलो. मांडवातला माइक चालूच राहिला होता, त्यामुळे भोंग्यावरून सगळं गाव ऐकू येत होतं. पातेल्यांचे आवाज, पोरांची भांडणं, दामूशेठ विचारतोय, कुठं गेला हा? आणि वनिता अगदी शांतपणे सांगतेय, "उघाडीवर."

मागे पाणी चढत गेलं. पाठीला फळीतून त्याचा गारवा लागत होता. पहिल्या फळीपर्यंत, दुसरीपर्यंत, आणि सव्वादोनला ते थांबलं. समोर मैदान होतं. हरळी वाढलीय, कापायला झालीय. आत एक थेंब आला नाही. एवढा वेळ मी एक शब्द बोललो नव्हतो, आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. तुला बघायला मिळायला हवं होतं.

वनिता आता इथेच राहणार आहे, तेव्हा उघाडीचं आम्ही दोघांनी ठरवलंय. ती सकाळची, मी दुपारची. गोष्टही यापुढे पुरी सांगणार, तिथीसकट.

फक्त एक बदल करणार आहे. रिकाम्या गोलात बॉल गेला, तू पाण्यातून वर आलीस आणि मला विचारलंस, इथपर्यंत जसं घडलं तसंच. तिथे मी माइक जरा जवळ घेईन, आवाज खाली आणीन, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन की हो, आत्या. ऑफसाइड होता.